बिनपाचरीचा स्टँड

१ डिसेंबर २०१९, रविवार

सोल्वायचा फोन. नाताळला येते म्हणाली. इथे, बेटावर, घरी. एकतीस वर्षांनी नाताळला!

लेक घरी येणार म्हटल्यावर आनंद व्हायला हवा. झाला नाही. भीतीच वाटली.

आस्तासाठी येतायत. आस्ता म्हणजे सोल्वायची मुलगी, सहा वर्षांची, माझी एकुलती एक नात. तिच्या वर्गातल्या सगळ्यांच्या घरी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावतात, फक्त तिच्याच घरी विजेची माळ. आपल्याकडे का नाहीत, म्हणून तिनं म्हणे भंडावून सोडलंय. मी म्हटलं, विजेच्या मेणबत्त्या हल्ली अगदी खऱ्यासारख्या मिळतात, मी आणतो.

"नको बाबा, खऱ्याच लावा," सोल्वाय म्हणाली. "आणि झाड तुम्हीच उभं करा."

तुम्हीच. तो 'च' कशाला? दुपारपासून तोच चघळत बसलोय.

२ डिसेंबर

दाढी करताना दोनदा कापलं.

३ डिसेंबर

या घरात १९८८ नंतर एकही मेणबत्ती पेटलेली नाही. वीज गेली तर टॉर्च. डिसेंबरात आमच्या मार्स्टल गावात घराघराच्या खिडकीत मेणबत्ती असते, माझ्या खिडकीत बल्ब. गावाला कारण माहीत आहे, म्हणून कुणी विचारत नाही. बायको, बोडिल, होती तेव्हा तिनंही कधी विचारलं नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली.

मी झाड उभं करणार. मी! पन्नास वर्षं होड्या बांधल्या, वादळात टिकतील अशा डोलकाठ्या उभ्या केल्या. आणि एका खोलीतल्या सहा फुटी झाडाची धास्ती घेतलीय. हसावं की काय करावं.

४ डिसेंबर

आज कार्यशाळेच्या मागे एक प्रयोग केला. शेजाऱ्यानं टाकून दिलेल्या गेल्या वर्षीच्या सुकलेल्या झाडाची एक फांदी कुंपणापाशी पडली होती, ती घेतली. शेजारच्या कुंपणातली एक ताजी, हिरवी. दोन्हीला काडी लावली.

हिरवी चरचरली, धुरकटली, विझली. सुकलेली—मी काडी मागे घ्यायच्या आत संपली. भक् आणि खलास. भुवई होरपळली माझी.

आयनर कुंपणाच्या पलीकडून बघत होता. फेरीबोटीवर इंजिन सांभाळून निवृत्त झालेला, माझा शेजारी, जन्माचा टवाळ. "थोर्किल, लेका, घरात चूल आहे की तुला," म्हणाला. पण मग माझं तोंड बघून त्यानं कुंपण ओलांडलं. आत येऊन कॉफी पिऊन गेला. जाताना एवढंच म्हणाला की झाड ओलं राहिलं पाहिजे, बाकी देवाच्या हातात.

देवाच्या हातात काही सोडणार नाही मी. आपल्याकडचा स्टँड म्हणजे दोन फळ्यांची फुली, मधे भोक, त्यात झाड ठोकायचं. पाणी नाही. दहा दिवसांत झाड वाळून कोरडंठाक. मी पाणी धरणारा स्टँड करणार. दुकानातला पत्र्याचा नको, तो हलका असतो. मी स्वतः करणार.

५ डिसेंबर

आराखडा काढला. ओकच्या फळ्यांचं बुटकं पीप, दोन विती उंच, अरुंद तोंडाचं, वरून लोखंडी कडी. खाली चार लांब पाय, आरपार बोल्टनं कसलेले. पिपाच्या काठातून चार बाजूंनी चार पितळी स्क्रू, ते चहूबाजूंनी बुंधा पकडणार. पायांवर शिसं.

पाचर कुठेच नाही. एकही नाही. हे वर ठळक लिहून ठेवलं.

६ डिसेंबर

लाकूड: जुन्या 'मारेन' होडीच्या कण्याचं. साठ वर्षं खारं पाणी प्यायलेलं ओक. रंधा फिरवला तर आतून अजून मधासारखा रंग. अठरा फळ्या कापल्या. दिवसभर भीती विसरलो होतो. हात कामात असले की डोकं गप्प बसतं, पण संध्याकाळी हात धुतले की परत सुरू.

७ डिसेंबर

गळतंय. चाळणीसारखं.

८ डिसेंबर

होडीवाल्याला हे माहीत हवं की कोरडी फळी आधी गळते. लाकडानं ओल धरली की फुगतं आणि फटी आपोआप बुजतात. माहीत आहेच. पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगितलं, घाबरू नका, दोन दिवस पाण्यात राहू द्या. आणि काल मी स्वतः पिपासमोर स्टुलावर बसून एक एक थेंब बघत होतो, जणू होडी बुडतेय.

आज दुपारी थेंब थांबले. खाली कोरडा कागद ठेवलाय. संध्याकाळपर्यंत कोरडाच.

१० डिसेंबर

झाड आणलं. आयनरच्या बहिणीची, थीराची, बेटाच्या पश्चिम टोकाला झाडांची बाग आहे. सहा फुटी, भरगच्च, सुया गच्च धरलेल्या. थीरानं स्वतः कापून दिलं. म्हणाली, घरी गेल्यावर बुंध्याची एक चकती परत काप, तासाभरात पाण्यात घाल, मग ते महिनाभर हिरवं राहील.

चकती कापली. पण बुंधा पिपाच्या तोंडापेक्षा जाड निघाला! मग डोलकाठी बसवताना करतो तेच केलं—रंधा घेऊन बुंधा चहूबाजूंनी तासला, भोकाच्या मापाचा केला. सुरेख बसला. स्क्रू कसले. हलवून बघितलं, जागचं हललं नाही.

चार लिटर पाणी घातलं. पातळीवर पेन्सिलीची रेघ मारली.

११ डिसेंबर

पाणी रेघेवरच.

१२ डिसेंबर

रेघेवरच. थीरा म्हणाली होती पहिल्या दिवशी दोन लिटर पिईल. सुया हातात धरल्या तर कडक लागतायत. की मलाच तसं वाटतंय?

१३ डिसेंबर

थीराला फोन केला. तिनं आधी शांतपणे विचारलं, बुंध्याला काय केलंस. सांगितलं. मग तिनं जी हजेरी घेतली, ती लिहीत नाही. थोडक्यात: झाड मधल्या गाभ्यातून पाणी पीत नाही. सालीच्या लगेच खाली पितं. मी नेमकं तेच तासून काढलं होतं.

"तुम्ही होडीवाले," म्हणाली. "तुम्हाला झाड मेलेलंच माहीत."

खरं आहे. मी आयुष्यभर मेलेल्या लाकडावर काम केलं. तीन दिवस झाड तहानेलं पाण्यात उभं होतं, आणि मी शेजारी बसून पातळी मोजत होतो. आणि हेच झाड मी त्या पोरीसमोर पेटवणार होतो!

१४ डिसेंबर

कधीच लिहिलं नाही ते आज लिहितो. कुणी वाचणार नाही.

२४ डिसेंबर १९८८. सकाळी झाड उभं करताना फुलीची एक फळी चिरली. नवी करायला तास लागला असता. पण एका होडीचं काम अर्धवट होतं, मालक धक्क्यावर थांबला होता, मला जायचं होतं. बीचची एक पाचर तासली, चिरेत मारली. सरस लावला नाही. झाड हलत नव्हतं. गेलो.

संध्याकाळी मेणबत्त्या पेटवल्या. हात धरून झाडाभोवती फेर धरला, गाणी म्हटली. मग रिवाजाप्रमाणे साखळी घरभर निघाली—स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, माळ्यावरून, सगळे गात, पळत. पेटलेलं झाड खोलीत एकटं! आम्ही सगळेच असं करायचो. आजही करतात. सोल्वाय शेपटाला होती, नऊ वर्षांची. जिन्यावर तिनं माझ्या बहिणीचा हात सोडला आणि मागे वळली. आम्ही माळ्यावर असताना आवाज झाला.

तिचा उजवा हात मनगटापासून खांद्यापर्यंत भाजला, आणि गळा. तीन महिने दवाखाना. डावा हात धड होता, पण मूठ इतकी घट्ट मिटलेली की बोडिलला सोडवता येईना. नर्स म्हणाली, राहू द्या, पोर घाबरलंय.

सगळे म्हणाले, मनुकांसाठी झाडावरचा कागदी बदाम—पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, मनुका भरलेली पिशवी—ओढायला गेली असणार. तिनंही शुद्धीवर आल्यावर एवढंच सांगितलं, "माझ्यामुळे पडलं." मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी राखेत पाचर शोधली. मिळाली नाही, जळून गेली असणार. फुलीचे तुकडे कार्यशाळेच्या शेगडीत घातले. एकतीस वर्षं माझी पोर समजून चाललीय की झाड तिनं पाडलं.

लहान होती तोवर नाताळात ती माझ्या बहिणीकडे जायची, मोठी झाल्यावर तर नाताळला कधीच आली नाही. उन्हाळ्यात येते. आईच्या अंत्यविधीला आली. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून.

१५ डिसेंबर

कालचं पान फाडायला घेतलं. फाडलं नाही.

१६ डिसेंबर

थीरानं दुसरं झाड दिलं, शिव्यांसकट. या वेळी बुंध्याला हात लावला नाही. पिपाचं तोंड मोठं केलं—वरचं कडं काढलं, चार फळ्या नव्या घातल्या. झाडाला स्टँडप्रमाणे तासायचं नाही, स्टँड झाडाप्रमाणे करायचा. एवढं कळायला चौऱ्याहत्तर वर्षं लागली.

परत गळलं, परत फुगलं, परत थांबलं.

१७ डिसेंबर

पितंय! रात्रीतून दोन लिटर. रेघेच्या चार बोटं खाली. मी एकटाच कार्यशाळेत हसलो.

१८ डिसेंबर

आयनरला झाड ढकलायला बोलावलं. खांद्यानं रेटलं त्यानं, मग पाठ लावून. शिशाच्या पट्ट्या साठ किलोच्या आहेत. जागचं हललं नाही. घाम पुसत म्हणाला, "झाड बसवतोयस की दीपगृह?"

मी विचारलं, पोर लोंबकळलं तर? मग तो फांदीला लोंबकळला, पंच्याहत्तर वर्षांचा माणूस. फांदी मोडली, झाड उभं. ती मोडकी बाजू भिंतीकडे करू.

१९ डिसेंबर

स्टँड बैठकीच्या खोलीत आणला. जमीन जुनी, एका कोपऱ्यात उतरती. एक पाय अधांतरी, दोन कागदांच्या जाडीइतका. झाड किंचित डुलतं.

मी विचारही केला नाही. हात आपोआप खिशात गेला, चाकू काढला, ओकचा तुकडा घेतला, दोन मिनिटांत पाचर तासून त्यावर माझी खूणसुद्धा केली. दोन रेघा नि एक टिंब, पेन्सिलीनं. होडीकाम शिकत होतो तेव्हापासून माझ्या हातच्या प्रत्येक पाचरीवर ती खूण असते. पायाखाली सरकवायला वाकलो, आणि मग बघितलं आपण काय करतोय.

शेगडीत फेकली. झाड बादलीत ठेवलं, स्टँड उलटा केला, तो पाय काढला, नवा केला. दिवस गेला त्यात.

सोल्वाय लहानपणी कार्यशाळेत माझ्याजवळ बसायची, पाचरी हातात द्यायला. खुणेवरून ओळखायची, ही बाबांची, ही सोबत काम करणाऱ्या पेडरकाकांची. मी तिला शिकवायचो, पाचर सुटताना दिसली तर हाका मारत बसायचं नाही. आधी दाब, मग ओरड. ती ते गाणं केल्यासारखं म्हणायची. तिला आठवत असेल का?

२० डिसेंबर

ठरलं. तेवीसला ती आली की सांगायचं. आस्ता झोपली की. वाक्य तयार केलं: "सोल्वाय, झाड तू पाडलं नाहीस, मी पाडलं." आरशासमोर म्हणून बघितलं. तिसऱ्या शब्दाला नळ सोडला आणि तोंड धुतलं.

ती म्हणेल काय? एवढी वर्षं का गप्प बसलात? भित्रा होतो, एवढंच. आणि मग आस्ताला घेऊन पहिल्या फेरीनं निघून जाईल, आणि परत येणार नाही. झाड पडायची जेवढी भीती वाटते ना, त्याच्या दुप्पट ही वाटते.

२२ डिसेंबर

पाणी: एक लिटर. सुया मऊ. बादल्या दोन. जुनं घोंगडं भिजवून ठेवायचं.

२३ डिसेंबर

दुपारच्या फेरीनं आल्या. आस्ताचे पुढचे दोन दात पडलेत. आल्या आल्या झाड बघायला पळाली, तर दार बंद—झाड उद्या संध्याकाळपर्यंत बघायचं नसतं. दाराच्या भोकाला डोळा लावून बसली. "आजोबा, तू आत काय लपवलंयस?" तिच्या आईनं तिला उचलून स्वयंपाकघरात नेलं.

मग सोल्वाय एकटी खोलीत आली. कोट अंगातच. झाडाकडे वर बघितलंच नाही तिनं. सरळ जमिनीवर आडवी झाली, फांद्यांखाली डोकं घातलं आणि स्टँड तपासू लागली. एक एक पाय हातानं चाचपला. एक एक स्क्रू. पिपाच्या तळाखाली बोटं फिरवून बघितली. मी दाराशी उभा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. जमिनीवर पडूनच तिनं विचारलं, "सगळे बोल्टच आहेत ना?"

हो म्हटलं.

"आणखी काही नाही?"

नाही म्हटलं. ती उठली, गुडघे झटकले. "चांगला झालाय," म्हणाली.

संध्याकाळी टेबलावर लाल-पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या विणून बदाम केले, झाडावर टांगायला. आस्ताचा तिरका झाला, तिला तोच आवडला. सोल्वायनं मनुका भरल्या. एक मोठा बदाम तिनं वेगळा ठेवला, आतल्या खोलीत जाऊन भरून आणला, आणि स्वतः नेऊन झाडाला अगदी खाली, बुंध्याजवळ टांगला. आस्ताला दम दिला, तो आजोबांचा, कुणी उघडायचा नाही, झाड उतरवताना तेच काढतील. मला मनुका आवडतात हे तिच्या लक्षात आहे तर.

सांगितलं नाही. प्रवासानं दमली होती. उद्या.

२४ डिसेंबर

सकाळ. दीड लिटर प्यायलं. उद्या याच वेळी सगळं उरकलेलं असेल, बरं किंवा वाईट.

२५ डिसेंबर

घर उभं आहे. आधी ते लिहितो.

सहाला जेवण. बदक, साखरेत परतलेले बटाटे, लाल कोबी. आयनर कोट घालून आला होता. नंतर मी एकटा आत गेलो, चौदा मेणबत्त्या लावल्या, प्रत्येकीच्या वर फांदी नाही ना हे तीनतीनदा बघितलं. काडी ओढताना तीन काड्या मोडल्या. दार उघडलं. आस्ता उंबऱ्यावरच थांबली. आईचा हात घट्ट धरला. उजवा.

चौघांनी फेर धरला. मी झाडाला पाठ करूच शकत नव्हतो, मान वळवून चालत होतो, आयनरच्या पायावर दोनदा पाय दिला. दोन गाणी झाली. मग आस्ताला घरभर धावायचं होतं. तिला कुणी सांगितलं देव जाणे, असल्या गोष्टी पोरांना न सांगता कळतात. तिनं आयनरला ओढलं, आयनरनं सोल्वायला, सोल्वायनं मला. दाराशी मी हात सोडला. मी झाड एकटं ठेवणार नव्हतो.

मागे वळलो, तर सोल्वायनंही आयनरचा हात सोडला होता. ती परत आली आणि झाडाच्या पलीकडे उभी राहिली. वर जिन्यावर आस्ता आणि आयनर बेसूर ओरडत पळत होते. खोलीत आम्ही दोघं, मधे झाड, खाली पाणी.

हाच क्षण होता. याहून बरा मिळणार नव्हता. तोंड उघडलं. निघालं एवढंच—"पाणी भरपूर आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मघाशी बोट घालून बघितलं मी."

"सोल्वाय, त्या वर्षी—"

"बाबा, ती खालची वाकडी जळतेय."

वाकली, आणि जळती मेणबत्ती उजव्या हातानं सरळ केली. बाही वर सरकली होती. मी तो हात इतक्या जवळून एकतीस वर्षांत बघितला नव्हता. ज्योत हललीसुद्धा नाही. मग ती माझ्याकडे बघत राहिली, वाट बघितल्यासारखी, किंवा मलाच तसं वाटलं. आणि तेवढ्यात साखळी परत आली, आस्तानं आम्हा दोघांना ओढून घेतलं.

मेणबत्त्या अर्ध्या झाल्यावर मी एक एक विझवली. आस्ताला शेवटची दिली फुंकायला.

२६ डिसेंबर

दुपारच्या फेरीनं गेल्या. धक्क्यावर आस्ता म्हणाली, पुढच्या वर्षी छताला लागेल एवढं झाड हवं. सोल्वायनं मिठी मारली. नेहमीसारखी पाठीवर थाप नव्हे, मिठी. कानाशी म्हणाली, "तुमचा बदाम विसरू नका."

फेरी वळेपर्यंत उभा होतो. सांगितलं नाही. झाड पडलं नाही, आग लागली नाही, ज्याला भीत होतो त्यातलं काहीच झालं नाही, आणि मी तसाच भित्रा घरी आलो.

२८ डिसेंबर

तिला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय सोल्वाय'च्या पुढे जाईना.

३१ डिसेंबर

आयनर आला होता. झाड अजून पितंय म्हणाला, थीराला कळवतो. अर्धा लिटर.

४ जानेवारी २०२०

अजून एकही सुई गळली नाही.

६ जानेवारी

आज झाड उतरवलं. मेणबत्त्यांचे चिमटे पेटीत ठेवले. पाणी उपसलं. शेवटी बुंध्याजवळचा माझा बदाम काढला. हलका नव्हता.

आत मनुका नाहीत. एक पाचर. बीचची. जाड टोक जळून काळं पडलेलं, बाकी लाकूड स्वच्छ, नऊ वर्षांच्या मिटलेल्या मुठीत मावेल एवढं. बाजूला पेन्सिलीच्या दोन रेघा नि एक टिंब.

ती मनुकांसाठी मागे वळली नव्हती. जाता जाता तिला पाचर सुटताना दिसली होती. आधी दाब, मग ओरड.